भाऊ पहिल्यांदा आमदार झालाय, कार्यालय मी सांभाळते: सुरुवात कुठून करू?

पत्र

माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच विधानसभेवर निवडून आला. विरोधी बाकावर आहे. मी सहकारी बँकेतली नोकरी सोडून त्याचं संपर्क कार्यालय बघते. सकाळी सातपासून माणसं येतात, दिवसाला शंभराच्या वर. दुपारनंतर तो लग्नं, दशक्रिया, उद्घाटनं यांतच असतो. दोन अधिवेशनं झाली, सभागृहात एक शब्द बोललेला नाही. मी टोचलं की म्हणतो, "ताई, लोकांना भाषण नको असतं, लग्नाला आलेला आमदार हवा असतो." आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, बाळंतिणींना साठ किलोमीटरवर जिल्ह्याला पाठवतात. पत्रं देऊन थकलो. त्यात चुलतभावाची बांधकामाची फर्म आहे, त्याला आमदार निधीतली कामं हवीत. आमदार होण्याआधी भाऊही त्या फर्ममध्ये भागीदार होता. नागपूरचं अधिवेशन अडीच महिन्यांवर आलंय. सुरुवात कुठून करू?

— एक ताई, मराठवाडा

उत्तर

ताई, भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते तुम्हाला खोडता येत नाही. दुःखाच्या घरी न आलेला आमदार गावाकडची माणसं खरोखर विसरत नाहीत. पण सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, १९६२ साली पहिल्यांदा आणि २०१४ साली शेवटचं, ते काही लग्नांच्या हजेरीवर नव्हे. दुष्काळी भागाच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात वर्षानुवर्षं लावून धरला. मृणाल गोरे रस्त्यावर हंडामोर्चे काढत होत्या, आणि सभागृहात गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयकही (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचं) मांडत होत्या. पुढे १९८८ साली महाराष्ट्राने त्याविषयी कायदा केला, देशातला पहिला. लोकांत असणं आणि सभागृहात असणं यांत निवड करायचीच नसते.

तुमच्या दारात सकाळी जे गोळा होतं, तेच सभागृहात मांडायचं असतं. ते तिथवर पोचत नाहीये, कारण मध्ये कुणी लिहून ठेवत नाही. ते काम तुमचं. बँकेत काम केलेल्या माणसाला ते शिकवावं लागणार नाही.

एक मोठी नोंदवही घाला. तारीख, नाव, गाव, मोबाइल, काम काय, कोणत्या खात्याचं, आपण दिलेल्या पत्राचा जावक क्रमांक, समोरच्या कार्यालयाचा आवक शिक्का पडला का, पुन्हा कधी विचारायचं, शेवटी काय झालं. शेवटचे दोन रकाने बहुतेक आमदारांच्या कार्यालयांत कोरे असतात, आणि सगळं तिथंच बिघडतं. पत्र देऊन माणूस वाटेला लावला की काम झालं असं वाटतं. तोच माणूस महिन्याने परत येतो आणि तुमच्या दारातली गर्दी दुप्पट होते.

त्या शंभरांतले निम्मे तरी आमदाराच्या सहीची गरजच नसलेले असतील. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, वारस नोंद, रेशन कार्ड अशा अधिसूचित सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरल्या मुदतीत मिळायच्या असतात. मुदत टळली की पहिलं अपील, मग दुसरं अपील, त्यानंतर आयोग. पोर्टलवर अर्ज भरून पावती काढून देणारा एक मुलगा कार्यालयात बसवा. तलाठ्याला भावाचा फोन गेला तर एकाचं काम होतं, अपील गेलं तर त्या तलाठ्याच्या सगळ्या गावांचं वळण बदलतं.

दवाखान्याची प्रकरणं मात्र थांबत नाहीत, त्यांचा टेबल वेगळा ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रुग्णालय योजनेतलं हवं आणि मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. योजनेत न बसणाऱ्यासाठी धर्मादाय रुग्णालयं आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आणि रेशन कार्ड दाखल होतानाच दिलं पाहिजे. बहुतेक नातेवाईक बिल हातात आल्यावर आमदाराला फोन करतात. तोवर उशीर झालेला असतो, मग रुग्णालयाशी नुसती हुज्जत होते. हे चार ओळींत छापून गावोगावच्या आशाताईंकडे द्या.

बदलीची शिफारसपत्रं देणं बंद करा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम २३ कर्मचाऱ्याने सेवेच्या बाबतीत राजकीय दबाव आणण्याला मनाई करतो. तुमचं पत्र त्याच्या फाइलमध्ये त्याच्याच विरुद्ध लागू शकतं. शिक्षकाला हे नीट समजावून सांगितलं की तो रागावत नाही.

आता नोंदवहीचा खरा उपयोग. दर शनिवारी पानं उलटा आणि एकच तक्रार पाचेक वेगवेगळ्या गावांतून आली आहे का बघा. रोहित्र जळून पंधरा दिवस मिळत नाही, पीक विम्याची भरपाई एका मंडळाला मिळाली शेजारच्याला नाही, अशी. ती मग एका माणसाची राहत नाही, सभागृहाची होते. अशा सात-आठ बाबी अधिवेशनाआधी तुमच्या हातात असल्या की भावाला "बोल" म्हणून टोचावं लागणार नाही.

तुमच्या रुग्णालयाचंच घेऊ. पत्रं कुणाला दिली होती ते आधी तपासा. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे असतात. एकाचं पत्र दुसऱ्याकडे गेलं की ते "उचित कार्यवाहीस्तव" फिरत राहतं, हा नेहमीचा घोळ आहे. योग्य टेबलावर गेलेल्या पत्राला स्मरणपत्र देताना २००५ च्या विलंब प्रतिबंध अधिनियमाचा उल्लेख करा. त्यात कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे पडून राहू नये असं म्हटलं आहे.

मग आकडे गोळा करा. विशेषज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञाचं पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, गेल्या बारा महिन्यांत प्रसूती किती, सिझेरियन किती, पुढे पाठवलेल्या माता किती, त्यातल्या किती रात्री आठनंतर. वैद्यकीय अधीक्षकांना भावाच्या पत्राने विचारा. टाळाटाळ झाली तर तुम्ही नागरिक म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांची मुदत आहे. अडीच महिने हातात आहेत म्हणता, म्हणजे हा अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे. कुठल्याही बाईचं नाव कागदावर येऊ देऊ नका.

आणखी एक काम बहुतेक कार्यालयं करतच नाहीत. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर १९३७ पासूनच्या कामकाजाची कार्यवृत्तं आहेत. तुमच्या तालुक्याचं नाव घालून शोधा. याच रुग्णालयाबद्दल आधीच्या आमदाराने, तो कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न विचारला होता का? मंत्र्याने "सहा महिन्यांत पद भरू" असं काही म्हटलं होतं का? सभागृहात दिलेलं आश्वासन शासनाचं असतं, आमदार बदलला म्हणून ते संपत नाही. त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तारीख आणि मंत्र्याचं वाक्य घेऊन तिला पत्र लिहिता येतं.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. विधानमंडळ सचिवालय प्रत्येक अधिवेशनासाठी मुदत कळवतं, ती पत्रिका आल्याच्या दिवशी भिंतीवर लावा. "अधिवेशन जवळ आलं की बघू" म्हणणाऱ्या नव्या आमदारांची संधी इथेच जाते. भावाची गेली दोन अधिवेशनं बहुधा अशीच गेली असावीत. प्रश्नाचा साचा ठरलेला आहे, त्याच भाषेत लिहा:

(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद अमुक महिन्यापासून रिक्त असल्याने शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीसाठी मातांना जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागत असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, उक्त कालावधीत अशा किती मातांना पाठविण्यात आले,

(३) असल्यास, सदर पद भरण्याबाबत तसेच तोपर्यंत मानधन तत्त्वावर भूलतज्ज्ञ उपलब्ध करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिल्या भागात एकच वस्तुस्थिती ठेवा. "अनेक महिन्यांपासून", "अत्यंत दयनीय अवस्था", "जनतेत संताप" असं लिहिलं की खात्याला "हे खरे नाही" किंवा "अंशतः खरे आहे" म्हणायला वाट मिळते, आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" हे उत्तर येतं. तारीख आणि आकडा असला की ही पळवाट बंद होते. न्यायप्रविष्ट बाब, तर्क, आरोप यांमुळे सूचना सचिवालयातच नाकारली जाते.

प्रश्न स्वीकारला गेला तरी तोंडी उत्तरापर्यंत पोचेलच असं नाही. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न होतात, बाकीच्यांची छापील उत्तरं येतात. छापील उत्तर वाया जात नाही. ती शासनाची लेखी कबुली असते, झेरॉक्स करून रुग्णालयाच्या गावात वाटा. उत्तर अपुरं असेल तर विधानसभेच्या नियम ९४ खाली अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. प्रश्न तोंडी आलाच, तर भावाने लांबलचक प्रस्तावना न करता उपप्रश्न विचारावा: "जाहिरात कोणत्या तारखेला दिली, किती अर्ज आले, किती जण रुजू झाले? तोवर तालुक्यातल्या खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन बोलावणार का?" हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या खिशात द्या. "कार्यवाही सुरू आहे" असं मंत्र्याने म्हटलं की लगेच "किती दिवसांत?" एवढंच विचारायचं आणि बसायचं. मुदत नोंदली गेली की तिचा माग काढता येतो.

प्रश्नाची मुदत हुकलीच तर नियम १०५ ची लक्षवेधी सूचना आहे. ती ताज्या, तातडीच्या बाबीसाठी असते आणि तिचा शेवट "याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया" असा होतो. लक्षवेध्यांना गर्दी फार. नव्या माणसाने सभागृहातलं पहिलं बोलणं औचित्याच्या मुद्द्यावर करावं असं आम्हाला वाटतं. मजकूर लिहून द्यायचा, परवानगी मिळाली की उभं राहून मिनिटभरात वाचायचा. घसा मोकळा होतो, अध्यक्षांना चेहरा कळतो, आणि चुकण्याची धास्ती कमी राहते. मोठ्या चर्चेत विरोधी पक्षाला मिळणारा वेळ संख्याबळावर ठरतो आणि बोलणाऱ्यांची नावं पक्षाकडून जातात, तेव्हा भावाने पक्षाच्या प्रतोदांना अधिवेशनाआधी भेटून "आरोग्य खात्याच्या पुरवणी मागण्यांवर मला पाच मिनिटं द्या" असं विषयासकट मागावं. "मलाही बोलू द्या" म्हणणारे पुष्कळ असतात. तयार विषय घेऊन येणारा प्रतोदांनाही हवा असतो.

पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर शासन मागतं त्या जादा खर्चाची, पुस्तिका तुम्ही स्वतः वाचा. बँकेत ताळेबंद वाचलेला माणूस ती अर्ध्या दिवसात वाचेल. रस्त्याचं काम "बजेटला लागलं" म्हणून गावोगाव फ्लेक्स लागतात, पण कामाची अंदाजित किंमत काही कोटी आणि यंदाची तरतूद नाममात्र असते. मग ठेकेदार अर्ध्यावर काम टाकतो आणि शिव्या आमदार खातो. काम आलं एवढं बघू नका, तरतूद किती आहे तो रकाना बघा.

आता आमदार निधी. वर्षाला ५ कोटी. मतदारसंघात दीडशे गावं असतील तर गावागणिक साधारण ३ लाख ३३ हजार. सगळ्यांना सारखं वाटलं तर दीडशे ठिकाणी थोडं सिमेंट दिसेल आणि कुणाचाच प्रश्न सुटणार नाही. आमचं मत स्पष्ट आहे: दर वर्षी चाळीस-पन्नास गावं घ्या, कामं पूर्ण होतील एवढी रक्कम द्या, आणि पाच वर्षांचा गावनिहाय तक्ता पहिल्याच वर्षी जाहीर करा. उरलेली गावं वाट बघतात, कारण त्यांचं वर्ष लिहिलेलं असतं.

आमदार फक्त काम सुचवतो, पैसा त्याच्या हातात येत नाही. शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेकडे जातं. कार्यान्वयन यंत्रणा अंदाजपत्रक करते, प्रशासकीय मान्यता होते, मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. यात सगळ्यांत जास्त कामं जागेवर अडतात. सभामंडप मंजूर होतो आणि मग कळतं की जागा सातबाऱ्यावर कुणाच्या तरी आजोबांच्या नावे आहे, किंवा वनखात्याची आहे. म्हणून शिफारसपत्रावर सही होण्याआधी तीन कागद हातात हवेत: जागेचा उतारा, ग्रामसभेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव, आणि पुढची देखभाल ग्रामपंचायत करील असं हमीपत्र. त्याशिवाय पत्र द्यायचं नाही, सरपंच कितीही जवळचा असला तरी. आचारसंहितेचंही भान ठेवा. निवडणूक लागली की नवी मंजुरी थांबते, आणि कार्यारंभ आदेश हातात असूनही जागेवर सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांच्या निवडणुका केव्हाही लागू शकतात, म्हणून वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच शिफारसी पाठवाव्यात.

चुलतभावाच्या फर्मचं मात्र आजच हाती घ्या, बाकी सगळं त्यानंतर. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ९-अ सांगतं की राज्य शासनाशी व्यवसायाच्या ओघात माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा चालू करार असलेला माणूस विधानसभेचा सदस्य व्हायला आणि राहायला अपात्र ठरतो. चुलतभावाचा करार भावाला आपोआप चिकटत नाही. पण भाऊ त्या फर्मचा भागीदार "होता" म्हणता, ते कागदावर संपलं आहे का? भागीदारीतून निवृत्तीचा दस्त, भागीदारी संस्था निबंधकाकडची नोंद, जीएसटी, बँकेतल्या सह्यांचे नमुने, ठेकेदार नोंदणी, हे सगळं या विषयातल्या वकिलाकडून तपासून घ्या. काम पूर्ण झालं आणि फक्त बिल बाकी असेल तर तेवढ्यावरून करार चालू धरत नाहीत, ही कायद्यातली सवलत आहे. अपात्रतेचा प्रश्न उभा राहिला तर राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार निर्णय देतात, आणि तक्रार करायला हरलेला उमेदवार टपलेलाच असतो.

कायद्यात बसलं तरी भावाच्या निधीतलं काम त्या फर्मला जाऊ देऊ नका. खुल्या निविदेत सगळ्यांत कमी दर भरून मिळालं, तरीही नको. गावात पहिल्या दिवशी टक्केवारीची बोलणी सुरू होतील, आणि मग आरोग्य खात्याला सभागृहात जाब विचारायला भाऊ उभा राहिला की समोरून त्याच फर्मचं नाव येईल. हे चुलतभावाला तुम्ही सांगा, मोठी बहीण म्हणून. भावाला ते जड जाईल.

कार्यालयाची शिस्तही तुमच्याच हातात. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायच्या नाहीत. प्रत्येक लेटरहेडला क्रमांक घाला, कारण आमदारांच्या बनावट पत्रांवर निधी वळवण्याचे प्रयत्न राज्यात झाले आहेत. प्रश्न ऑनलाइन भरण्याचा पासवर्ड भाऊ आणि तुम्ही यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. नागपूर जवळ आलं की काही माणसं टाइप केलेले तयार प्रश्न घेऊन येतील, अमुक अभियंत्याविरुद्ध, तमुक संस्थेविरुद्ध. प्रश्न लागला की तेच माणूस समोरच्याकडे जाऊन "मागे घ्यायला लावतो" म्हणून तोडपाणी करतं, आणि नाव आमदाराचं जातं. तुमच्या नोंदवहीत ज्याचं मूळ नाही तो प्रश्न पाठवायचाच नाही. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, सभागृहातलं भाषण किंवा मत यासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही, असं सांगितलं. स्वीय सहायकाची विधानमंडळाकडून वेतन मिळणारी जागा तुम्ही स्वतः घेऊ नका, नात्याबाहेरचा, टंकलेखन येणारा आणि मंत्रालयातले मजले ठाऊक असलेला माणूस नेमा. तुमचं वजन त्याने वाढेलच.

लग्नांबद्दल भावाशी असा तोडगा काढा. मयताला, दहाव्याला तो जाईल, त्यात कपात नाही. लग्नपत्रिका आलेल्या घरी तुमच्या सहीचं नव्हे, त्याच्या हातचं चार ओळींचं पत्र जाईल आणि गावभेटीच्या दिवशी तो त्या घरी चहाला जाईल. अधिवेशनाच्या तारखा कार्यालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा, त्या दिवसांत आमदार मतदारसंघात भेटणार नाहीत असं लिहून. नागपूरला निघण्याआधी दोन दिवस त्याला पूर्ण मोकळे ठेवा. त्या दोन दिवसांत तुम्ही दोघांनी सात-आठ विषयांच्या फाइली समोर घेऊन बसायचं, प्रत्येक फाइलच्या वर एक पान: काय मागायचं, कुणाकडे, कोणता आकडा, आणि मंत्री काय उत्तर देतील. रुग्णालयाची फाइल सगळ्यांत वर ठेवा.